घाई कशाची होती

१० फेब्रुवारी

वहिनीबाई,

आधी रागावून घे, मग पुढे वाच. गुरुवारी येते म्हणून कळवलं आणि आले नाही. पिशवी भरून दाराशी ठेवली होती. सकाळी आमचा मुकादम दारात हजर. दोघी जणी तापाने पडल्यात, बाटल्या धुवायच्या पट्ट्यावर उभं राहायला कुणी नाही, तुमची रजा रद्द. मी म्हटलं, मला ऐकू येत नाही. तर त्याने हातवारे करून सांगितलं. मेल्याला असं स्पष्ट बोलायला एरवी कधी येत नाही.

तुम्हाला कळवणार कसं? फोनवर पलीकडचा माणूस बोलतोय की खोकतोय हेही मला समजत नाही. शेजारीण माझ्या वतीने बोलते, पण ती नेमकी माहेरी गेलेली. मग दिवसभर बाटल्या उलट्या करत राहिले आणि मनात एकच, बारक्या स्टँडवर येऊन उभा असेल. शेवटचा माणूस उतरेपर्यंत गाडीच्या दाराकडे बघत बसला असेल. चाळिशी उलटली तरी माझ्यासाठी तो तोच आहे, जत्रेत हात सुटलेला. त्याला सांग, कान धरून माफी मागते. कान तसेही दुसऱ्या कशाच्या उपयोगाचे राहिले नाहीत.

तुमच्याकडे यायला किती वर्षांनी जमत होतं. आता पुढची रजा कधी देतील देव जाणे. उलट टपाली लिही. आणि त्यालाही दोन ओळी खरडायला लाव.

तुझी वन्सं

*

१५ फेब्रुवारी

वन्सं, नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. रागावलं कुणी नाही. हे त्या दिवशी स्टँडवर गेलेच नव्हते. धक्क्यावर ट्रक जास्त आले आणि अडकून पडले. तेव्हा कुणी ताटकळलं नाही, कुणाचं तोंड पडलं नाही. ते मनातून काढून टाका आणि पुन्हा त्याचा विषय नको.

दुसरं म्हणजे, शनिवारी कामावर ह्यांच्या हाताला जरा लागलं. उजव्या. डॉक्टरांनी बांधून दिलंय. स्वतः लिहिणार होते, पण पट्टी मोठी आहे, पेन धरता येत नाही. काळजीचं कारण नाही. छोटीची शाळा चालू आहे. बाकी ठीक.

तुमची तब्येत जपा. पट्ट्यावर उभं राहताना पायाखाली पोतं घेत जा, गार फरशीने गुडघे धरतात.

तुमची वहिनी

*

१९ फेब्रुवारी

वहिनीबाई,

जरा म्हणजे किती?

छोटीला टायफॉइड झाला होता तेव्हा तू मला लिहिलं होतंस, ‘पोरीला जरा कणकण आहे.’ तुझं ‘जरा’ मी ओळखून आहे. आणि पत्र कसलं ते, एवढंसं. तू मला चार पानांशिवाय कधी लिहीत नाहीस. शेजाऱ्यांची भांडणंसुद्धा लिहितेस.

मी काचेच्या कारखान्यात जन्म काढलाय. हात कसे होतात ते मला कुणी सांगायला नको. तेव्हा उगाच गोड बोलू नकोस. बोटं किती गेली ते सांग आणि कशाने गेली ते सांग. त्याला विचारून लिहू नकोस, तो खोटं सांगेल. लहानपणी झाडावरून पडून दात तुटला होता तर आईला म्हणाला, आपोआप पडला.

तुझी वन्सं

*

२५ फेब्रुवारी

वन्सं,

दोन गेली. करंगळी आणि तिच्या शेजारचं. मधलं आहे, पण वाकत नाही आणि डॉक्टर म्हणतात वाकेल असं धरून चालू नका. अंगठा आणि पहिलं बोट शाबूत. आता झालं समाधान?

माफ करा. झोप नाही म्हणून असं तोंडातून जातं.

कसं झालं ते लिहिते. ह्यांचं काम तुम्ही पाहिलेलं नाही. गोदामाला बाहेरच्या बाजूने ओटा आहे, त्याला धक्का म्हणतात. ट्रक पाठीकडून येऊन धक्क्याला लागतो. ट्रक आणि ओटा ह्यांच्यात जी फट राहते तिच्यावर लोखंडाची एक जाड झडप टाकतात. ती ओट्याला बिजागरीने बसवलेली असते. तिच्यावरून फोर्कलिफ्ट ट्रकमध्ये जाते-येते. म्हणजे झडप किती वजनाची असेल बघा.

तर त्या दिवशी बिजागरीत लाकडाची ढलपी अडकली. मालाखालची लाकडी पॅलेट मोडकी असली की तिचे तुकडे पडतातच. झडप सपाट बसेना. अशा वेळी झडप उचलायची, तिच्याखाली लोखंडी टेकू उभा करायचा आणि मगच आत हात घालायचा, असा नियम आहे. टेकू लावला नव्हता. लंबूने फोर्कलिफ्टचे काटे, म्हणजे माल उचलायचे पुढचे लोखंडी दांडे, खाली घालून झडप नुसती तोलून धरली होती. ह्यांनी हात घातला. काट्यांना तेल लागलेलं होतं, झडप घसरली.

लंबू तुम्हाला माहीत आहेच, ह्यांचा जोडीदार. तोच तेव्हा फोर्कलिफ्टवर होता.

आता चौकशी बसणार आहे. काटे टेकूसारखे वापरणं हा मोठा गुन्हा धरतात, चालवणाऱ्याला काढूनच टाकतात म्हणे. बघू काय होतं ते. मी थकलेय, वन्सं. दवाखान्याच्या रांगेत उभी असते तेव्हा वाटतं, इथेच भिंतीला टेकून झोपावं.

तुमची वहिनी

*

१ मार्च

वहिनीबाई,

दोन बोटं. त्याच हाताला धरून मी त्याला शाळेत सोडायची. रस्त्यात हात सोडून पळायचा म्हणून ह्याच करंगळीला मी धागा बांधून ठेवायची.

आणि लंबूने? त्या लंबूने? तुमच्या लग्नानंतर बारक्या त्याला घेऊन माझ्याकडे आला होता तेव्हा दारातून वाकून आत आला होता तो. त्याला मी माझ्या हाताने वाढलं. तीन वेळा भात मागून घेतला, मला केवढं कौतुक वाटलं होतं. त्या माणसाला टेकू लावायचा कंटाळा आला? अक्कल गहाण टाकली होती का त्याने?

त्याला काढणार असतील तर काढू देत. मला मुळीच वाईट वाटणार नाही. उद्या दुसऱ्या कुणाचा हात घेईल. बारक्या मऊ पडेल, मला माहीत आहे. ‘जाऊ दे, मित्र आहे’ म्हणेल. तू पडू देऊ नकोस.

चौकशी कधी आहे ते कळव. मी येणार आहे. ऐकू येत नसलं म्हणून काय झालं, बोलता येतं मला.

तुझी वन्सं

*

७ मार्च

वन्सं,

तुम्ही येऊ नका. एवढा प्रवास करून यायचं आणि एका खोलीत बसून लोकांची तोंडं हललेली बघायची, कशाला? शिवाय जिना अरुंद आहे आमचा, तुमचे गुडघे. इथे मी आहे.

पट्टी आता लहान झालीय. हे डावा हात शिकतायत. दात घासणं जमलं. शर्टाची बटणं जमत नाहीत, ती मी लावते आणि तेवढा वेळ हे छताकडे बघत राहतात. एकदा मी चेष्टेत म्हटलं, नवरदेवासारखे उभे आहात, तर हसले. छोटी मुद्दाम डाव्या हाताने जेवते, बाबांना एकटं वाटू नये म्हणून. सगळं अंगावर सांडते. धुणं वाढलंय, पण तिला नको कसं म्हणू.

सगळ्यात जास्त त्रास जे बोट नाही त्याचा. त्याला खाज येते म्हणतात. मी विचारलं, कुठे खाजवू? तर दोघेही त्या रिकाम्या जागेकडे बघत बसलो.

लंबू रोज येतो. पाळी सुटली की सरळ इकडे. बोलावल्याशिवाय आत येत नाही, जिन्याच्या वरच्या पायरीवर उभा राहतो आणि विचारतो, आज कसं आहे. पहिल्या आठवड्यात मी त्याच्या तोंडावर दार लावलं होतं. हे उठले आणि डाव्या हाताने कडी काढून त्याला आत घेतलं. तेव्हापासून मी काही बोलत नाही. दोघे बसतात. लंबू आलाच आहे तर भाजी निवडून देतो. एवढा मोठा माणूस पाट घेऊन बसला की आमची खोली भरून जाते.

तेव्हा त्याच्याबद्दल एवढं कडक नका लिहू. आणि येऊ नका.

तुमची वहिनी

*

११ मार्च

वहिनीबाई,

जिना? मी दिवसातून दहादा लोखंडी शिडी चढते, टाक्यांवरची झाकणं बघायला. माझे गुडघे तुला आत्ताच कसे आठवले?

स्पष्ट लिही ना, तुझ्या घरात मी नको आहे. मला ऐकू येत नाही, कळत नाही असं नाही. आधी पत्रं एवढीएवढीशी, मग ‘त्याचा विषय नको’, मग ‘येऊ नका’. आणि ज्याने माझ्या भावाचा हात चेचला त्याला तू पाटावर बसवून भाजी निवडायला देतेस. उद्या ओवाळशील.

मी तुला कधी सासुरवास केला नाही. तुमच्या संसारात नाक खुपसलं नाही. पण बारक्याला मी लहानाचं मोठं केलंय. आई गेली तेव्हा तो माझ्या कमरेएवढा होता. त्याच्या हाताचा निकाल कुठल्या तरी खोलीत लागणार आणि मी इथे बाटल्या मोजत बसणार, हे व्हायचं नाही. त्याच्या तोंडून शब्द फुटणार नाही. लंबूसमोर तर नाहीच. मी त्या साहेबांना सांगणार, हा माणूस काढा.

रजा टाकून ठेवलीय. ह्या वेळी मुकादम बोलायला लागला की मी पाठ फिरवणार. चौकशीची तारीख तेवढी कळव. नाही कळवलीस तरी शोधून काढीन.

तुझी वन्सं

*

१४ मार्च

वन्सं,

तुमचं पत्र ह्यांना दाखवलं नाही. आणि मी आज जे लिहितेय तेही ह्यांना न सांगता लिहितेय. मला शपथ घातली होती. मोडते.

शनिवार नव्हता तो. गुरुवार होता.

तुम्ही येणार म्हणून हे आठवडाभर हवेत होते. धक्क्यावर सगळ्यांना सांगून झालं होतं, ताई येतेय, ताई येतेय. लंबू म्हणतो, ट्रकच्या ड्रायव्हरांनाही सांगितलं, ज्यांना ह्यांची ताई कोण तेही माहीत नाही. त्यांच्याकडे अशी पद्धत आहे की टोळीने वाटणीचे ट्रक संपवले की मोकळं. मग घड्याळ कुणी बघत नाही. हे म्हणाले, आज लवकर संपवू, मला स्टँडवर जायचंय. शेवटचा ट्रक उरला होता आणि झडप अडकली.

टेकू धक्क्याच्या त्या टोकाला होता, गोदामाच्या पाचव्या दरवाज्याशी. लंबू म्हणाला, थांब, घेऊन येतो. हे म्हणाले, राहू दे, काटे लाव, बस येऊन उभी राहील आणि ताईला ऐकू येत नाही, एकटी कुठे शोधत बसेल. लंबूने परत विचारलं. ह्यांनी परत सांगितलं. टोळीचे म्होरके हेच, ह्यांनी सांगायचं आणि बाकीच्यांनी करायचं. मग त्याने काटे लावले.

मी दवाखान्यात होते तेव्हा आधी शेजारच्या बाईंना स्टँडवर पाठवलं, तुम्हाला घेऊन यायला. त्या येऊन म्हणाल्या, कुणी उतरलंच नाही. मला तेव्हा हायसं वाटलं, वन्सं. तुम्ही ह्यांना तसं दवाखान्याच्या दारात बघितलं असतं ते नको होतं मला. हे शुद्धीवर आल्यावर पहिलं काय विचारलं असेल ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. नंतर म्हणाले, तिला दिवस कळता कामा नये. ती स्वतःला खाऊन टाकेल.

आता अडचण अशी झालीय. गोदामाचे साहेब घरी येऊन गेले. ह्यांनी सांगितलं, काटे लावायला मीच सांगितलं, लंबूचा दोष नाही. साहेबांना खरं वाटेना. म्हणाले, तू? टेकूशिवाय हात घातला म्हणून तू पोरांना शिव्या घालतोस, सगळ्या धक्क्याला माहीत आहे. मित्राला वाचवायला बघतोयस. आणि सांगितलंस तरी का सांगितलंस, घाई कशाची होती? हे खाली बघत बसले. साहेब निघून गेले.

सगळं त्या एका उत्तरावर अडलंय. लंबूला ते माहीत आहे. तो बोलू शकला असता, पण ह्यांनी त्याला सांगितलंय, ताईचं नाव कुठे येता कामा नये, एकदा चौकशीत आलं की तिला कळणारच. आणि तो ऐकतोय. नोकरी जायला आलीय, घरी आजारी आई आहे, तरी ऐकतोय. रोज येऊन माझी भाजी निवडतो आणि तोंडातून अवाक्षर काढत नाही. म्हणून मी त्याला पाटावर बसवते.

मी काही साधी नाही, वन्सं. सुरुवातीला मलाही वाटलं होतं, जाऊ दे, लंबूच्या माथी गेलं तर जाऊ दे. आमच्या घरचा हात गेलाय. भरपाई तरी धड मिळेल. तुम्हाला तसंच कळवलं, वार सोडला तर सगळं खरं लिहिलं आणि मुख्य तेवढं गाळलं. पण तुम्ही चौकशीत येऊन त्याला काढा म्हणणार आणि हे समोर बसून ऐकणार, ते मला बघवलं नसतं.

तुम्ही नाही आलात ह्यात तुमचा काडीचा दोष नाही. हे मी समजूत काढायला लिहीत नाही. समजूत काढण्याइतकं त्राण नाही माझ्यात.

तुमची वहिनी

*

२४ मार्च

वन्सं,

उत्तर नाही तुमचं. पत्र पोचलं ना? की पोचलं म्हणूनच उत्तर नाही?

चौकशी दोन एप्रिलला आहे. तारीख मागितली होतीत म्हणून कळवते. यायचं असेल तर या, मी जिन्याचं काही बोलणार नाही. हे अजून ‘बघू’ म्हणतात. रात्री उठून बसतात. लंबूने ह्या आठवड्यात त्याचं कामावरच्या पेटीतलं सामान घरी नेलं.

मी ह्यांना सांगितलं, की तुम्हाला कळवून टाकलंय. ओरडले नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

नुसतं ‘पोचलं’ एवढं लिहा.

तुमची वहिनी

*

२८ मार्च

बारक्या,

हे पत्र तुला. वहिनी वाचून दाखवील, नाहीतर तू स्वतः वाच, डोळे शाबूत आहेत ना.

वहिनीचं पत्र मी कारखान्यातच उघडलं, जेवणाच्या सुट्टीत. सुट्टी संपली, सगळ्या उठून गेल्या, पट्टा सुरू झाला. मला कळलंच नाही. मुकादम येऊन उभा राहिला. त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि स्वतः माझ्या जागी उभा राहिला. तो वाईट माणूस नाही. त्याच्यावर राग काढायचं मी ठरवलं होतं, तेही फिसकटलं.

आधी तुझा राग आला. एवढं वय झालं, ताईला बस दिसेल, ताईला रस्ता सापडेल, एवढा भरवसा नाही? मी बहिरी आहे, आंधळी नाही. मग माझा राग आला. रजा रद्द झाली तरी निघून आले असते तर काय फाशी देणार होते? तू शुद्धीवर आलास तेव्हा मी समोर असते. मग लंबूवर लिहिलेलं आठवलं आणि लाज वाटली. असे दिवस गेले. रडले, खोटं कशाला सांगू. रोज कामावरून येऊन रडले. आता रडण्याचाही कंटाळा आलाय.

म्हणून मुद्द्याचं सांगते. मी चौकशीला येत नाही. रजा परत केली. मी समोर बसले तर तुझ्या तोंडून ते निघणार नाही, तुला मी ओळखते. मला यावंसं फार वाटतंय. तुझा हात मला बघायचाय, तो मी अजून बघितलेला नाही. पण नाही येत.

तू तिथे सांग. घाई कशाची होती विचारलं की सांग, माझी बहीण येणार होती, तिला ऐकू येत नाही, तिला स्टँडवरून आणायचं होतं. माझं नाव घे. अडखळू नकोस. मला काही होत नाही. व्हायचं ते होऊन गेलंय. माझ्यामुळे तुझी बोटं गेली हे मी वागवीन, त्याची तू काळजी करू नकोस. पण माझ्यामुळे त्या लंबूच्या घरची चूल विझली, हे मला वागवता येणार नाही. एवढं माझ्यासाठी कर. तू कधी माझं ऐकलं नाहीस, ह्या खेपेला ऐक.

मी त्याच्याबद्दल काय काय लिहिलं ते त्याला सांगू नकोस. नाही, सांग. सांग की ताई असं म्हणाली होती आणि आता हात जोडते.

तुझ्या डॉक्टरला विचार, गरम पाण्यात हात धरला तर चालेल का. आमच्याकडे एकीला त्याने बरं वाटलं होतं.

ताई

*

४ एप्रिल

वन्सं,

परवा झाली चौकशी. लंबू कामावर राहिला. आधी ते लिहिते, कारण तुमचा जीव तिथे अडकला असेल.

ह्यांना सही करायला जमत नाही, अंगठ्याला अजून दुखतं, म्हणून मला आत बसू दिलं. लांबट खोली होती, मोठं टेबल. साहेब, कामगारांच्या बाजूचा एक माणूस आणि मुख्य कचेरीतून आलेल्या एक बाई. लंबू समोर बसला होता, गुडघे टेबलाखाली मावत नव्हते. सकाळी मी बटणं लावताना हे म्हणाले, ताईचं पत्र खिशात ठेव. ठेवलं. काढलं मात्र नाही.

साहेबांनी तोच प्रश्न विचारला. हे लंबूकडे बघत राहिले. मला वाटलं, संपलं. मग सांगायला लागले आणि एकदा सुरू झाल्यावर थांबले नाहीत. तुम्ही आम्हाला कसं वाढवलंत, म्हणजे ह्यांना, तेही सांगितलं. बाटल्यांच्या आवाजाने कान गेले ते. किती वर्षांनी येणार होतात ते. लंबू टेकू आणायला निघाला होता, त्याला दोनदा मीच थांबवलं, त्याने दोनदा विचारलं होतं. साहेबांनी लंबूला विचारलं, खरं का? तो म्हणाला, आता हे बोललेच आहेत तर हो. कामगारांच्या बाजूच्या माणसाने खिशातून रुमाल काढून उगाच चष्मा पुसला.

खरं वाटलं त्यांना. असं कारण कुणी बनवून सांगत नाही, असं साहेब म्हणाले. लंबूला काही महिने फोर्कलिफ्टवर बसता येणार नाही, आवारात झाडू मारायचा. तो म्हणाला, झाडू तर झाडू, उंची कामाला येईल, जाळी काढीन. ह्यांना फाटकावर बसवतील, येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकांची नोंद ठेवायला. डाव्या हाताने. नियम मोडला म्हणून भरपाई कापतील. किती ते अजून सांगितलेलं नाही, आणि मी विचारलंही नाही. पाचही दरवाज्यांना आता एकेक टेकू साखळीने बांधून टाकणार आहेत.

घरी आल्यावर तुमचं ते वाक्य लंबूला वाचून दाखवलं, हात जोडते ते. तो म्हणाला, ताईंना सांगा, त्यांच्या हातचा भात अजून आठवतो. मग नेहमीसारखा पाट ओढून बसला.

एक गोष्ट राहिली. लिहू की नको, दोन दिवस विचार करतेय. ह्यांनी लिहू नको असं काही म्हटलेलं नाही.

सगळं आटपलं होतं, कागद आवरायला घेतले होते. तेव्हा त्या कचेरीच्या बाई ह्यांना म्हणाल्या, मग बहीण त्या दिवशी आली का? वाईट बुद्धीने नाही विचारलं, सहजच. भल्या वाटल्या मला. मी ह्यांच्याकडे बघितलं. सकाळपासून प्रत्येक गोष्ट खरी सांगितली होती त्यांनी, स्वतःच्या अंगावर येईल तीसुद्धा. ह्यांनी पट्टीचा हात टेबलाखाली घेतला आणि म्हणाले, “आली ना. दवाखान्यात माझ्या उशाशी होती.”

साहेबांनी लंबूकडे बघितलं. त्यानेही मान हलवली.

त्या बाईंनी तसं लिहून घेतलं.

तुमची वहिनी